लेकीच्या लग्नाचा डीजे

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. लेकीच्या लग्नाला सत्तावीस दिवस. वधूपिता मीच आणि डीजेही मीच, म्हणजे प्लॅनिंगशिवाय गत्यंतर नाही. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

संकल्प एक: रोज सकाळी अर्धा तास प्रॅक्टिस. संकल्प दोन: चिडायचं नाही. तिसरा सुचेल तेव्हा लिहीन.

लोकांना वाटतं, डीजे म्हणजे बटणं दाबणारा. चोवीस वर्षं लग्नाच्या हॉलमध्ये उभा राहून मी जे शिकलो ते लिहून ठेवतो. गाणं कानाने निवडायचं नसतंच मुळी. डोळ्यांनी निवडायचं. टेबलाखाली बघायचं. चेहरा थापा मारतो, पाय मारत नाहीत. बुटाचं टोक हलायला लागलं की तो माणूस पुढच्या गाण्याला उठणार, लिहून घ्या. लहान मुलं मोजायची नाहीत. ती जनरेटरच्या आवाजावरही नाचतात.

तक्रार: घरात स्पष्ट बोलायची पद्धत उरलेली नाही. ही बँकेत दिवसभर काचेआडून बोलते, ती घरीही काचेआडून बोलल्यासारखीच बोलते. लेक दातांच्या दवाखान्यात. दिवसभर तोंडाला मास्क, ओठ हलवायची सवयच गेली पोरीची.

५ मार्च, बुधवार

पाहुण्यांची यादी आली. एकशे चाळीस. गर्दीचे तुकडे पाडले.

आपले नातेवाईक: वय जास्त, उत्साह जास्त, दम कमी. होणारा जावई जनावरांचा डॉक्टर, त्याच्या दवाखान्यातले लोक तिशीतले. तिशीतल्या माणसाला आजचं गाणं नको असतं. तो अठरा वर्षांचा असताना जे वाजत होतं ते हवं असतं. म्हणजे बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं. ही वजाबाकी मी शोधून काढली आहे, कुठे छापलेली मिळणार नाही.

सुरुवात म्हाताऱ्यांपासून. पहिलं गाणं त्यांचं नसलं तर ते शेवटपर्यंत आवाजाबद्दल कुरकुरतात. असलं तर दोन गाण्यांत दमून खूश होऊन बसतात. मग सपाट चपलेतली मावशी शोधायची. प्रत्येक लग्नात एक असते. ती नाचायच्या तयारीनेच आलेली असते. ती उठली की चारजणी उठतात. लागोपाठ तीन फास्ट गाणी कधीच नाहीत. दोन फास्ट, मग एक श्वास.

आणि मिक्सिंग. जुन्या गाण्याच्या ठेक्याखाली नव्याचा ठेका सरकवायचा. गाणं बदललं हे लोकांना कळता कामा नये, फक्त पायांना कळलं पाहिजे. यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय.

प्रॅक्टिस झाली नाही. हेडफोनची डावी बाजू गेली आहे. दोन महिन्यांतला हा तिसरा हेडफोन. माल पूर्वीसारखा येत नाही.

९ मार्च, रविवार, संध्या. ६

दुपारचं लग्न वाजवून आलो. याच हॉलमध्ये आपलंही लग्न आहे, त्यामुळे रंगीत तालीमच म्हणायची.

हॉलची एक साउंडवाली बाई आहे. चाळिशीची, गळ्यात बॅटरी, कमरेला टेप. हॉलचे स्पीकर, माइक सगळं तिच्या ताब्यात. चेहरा सतत परीक्षा घेतल्यासारखा. मी आवाज वाढवला की बाई तिच्याकडून कमी करते. मग मी पुन्हा वाढवतो. अडीच तास हेच. कलाकाराला असा त्रास देणारी माणसं नोकरीत का ठेवतात, कळत नाही.

पण गर्दी काय रंगली! माइक स्पीकरपुढे धरून मी नवऱ्या मुलाचं नाव पुकारलं आणि सगळा हॉल एकदम दोन्ही हात कानांवर घेऊन मागे सरकला. एकसाथ! नवीन स्टेप दिसते. मीही कानांवर हात घेऊन दाखवले, तर पहिल्या रांगेतल्या आजींनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. नाचताना पडायला नको म्हणून. मी माइक आणखी थोडा पुढे केला. आजी उठून बाहेरच गेल्या. वयोमान.

साउंडवाली धावत आली आणि माझ्या हातातून माइक काढून घेतला. भर कार्यक्रमात. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

११ मार्च, मंगळवार

एप्रिलमधली दोन बुकिंगं रद्द झाली. दोघांनीही मेसेज केला, फोन केला नाही. सीझन मंद आहे. चांगलंच झालं, लेकीच्या लग्नावर लक्ष देता येईल.

हिला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, खरंय. तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत बसली. बहुधा मी "खोटंय" म्हणायला हवं होतं.

१३ मार्च, गुरुवार

महत्त्वाचा दिवस.

लेक दवाखान्यातून आली, मला गॅलरीत घेऊन गेली. खाली रस्त्यावर बसचा गोंधळ. ती कठड्याला टेकून, रस्त्याकडे तोंड करून बोलत होती. बराच वेळ बोलली. मधले मधले शब्द आले. "बाबा", मग "त्या दिवशी", मग "फक्त". मला वाटतं "फक्त बाबा" असंच होतं. आवाज भरून आलेला. तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

मी म्हटलं, हो, हो, अगदी.

ती वळली. म्हणाली, नक्की? हे स्पष्ट दिसलं. मी म्हटलं, शंभर टक्के. तिने मला जशी मिठी मारली, तशी ती सातवीत असताना सायकल आणली तेव्हा मारली होती. दारात ही उभी, डोळे पुसत.

म्हणजे ठरलं. लेकीला दुसरा डीजे चालणार नाही. फक्त बाबा! मी तिला विचारलं नाही की नेमकं काय म्हणालीस. अशा वेळी विचारायचं नसतं.

संकल्प तीन सुचला: या लग्नात आयुष्यातला सर्वोत्तम सेट वाजवायचा.

१८ मार्च, मंगळवार

आज थोडा प्रसंग झाला. फार मोठा नाही.

ही कुकर लावून दुकानात गेली. मला सांगून गेली असं तिचं म्हणणं: तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी टेबलाशी यादीवर काम करत होतो. शिट्टी एकही झाली नाही. मी शपथेवर सांगायला तयार आहे.

थोड्या वेळाने मान वर केली तर स्वयंपाकघरातून धूर. कुकर आतून कोळसा. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, तर खाली ही उभी. वर बघून हात हलवत होती, बाजूला शेजारपाजार. अर्धा तास बेल वाजवत होती म्हणे. किल्ली आतच राहिलेली.

दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक. माझे दोन्ही दंड धरले आणि हलवलं. काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

संध्याकाळी तिने एक कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात: अहो, कान दाखवून घ्या.

मी शांतपणे उत्तर दिलं की हे कान चोवीस वर्षं या घराचं पोट भरत आहेत. कागद चुरगळून टाकला. मग स्वतः जाऊन कुकरची नवीन शिट्टी आणि नवीन बेल आणली. दुरुस्ती जिथे हवी तिथेच करावी.

नवीन बेल बसवली. हिने बाहेरून वाजवून पाहिली. मी हातानेच खूण केली, झकास.

वाजली असणारच.

२४ मार्च, सोमवार

प्रॅक्टिस. चार तास. दुसऱ्या गाण्यावरून तिसऱ्यावर जाताना काहीतरी अडतंय. स्क्रीनवर दोन्ही ठेक्यांच्या रेघा एकाखाली एक येतात, तरी समाधान होत नाही. पूर्वी मी स्क्रीनकडे बघतही नव्हतो. आता पडदा बघूनच करतो. टेक्नॉलॉजीचा फायदा घ्यायलाच हवा.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. दारात उभे राहून हातवारे करत होते, तोंड लाल. मला वाटलं गाण्याची फर्माईश आहे. आत बोलावलं, खुर्ची दिली, आवाज वाढवून दिला. बसले नाहीत.

स्पीकर चालू आहे ना, हे मी अधूनमधून त्यावर पंजा ठेवून बघतो. थरथर लागली की बरं वाटतं. जुनी पद्धत आहे. आज पंजा ठेवून जरा जास्त वेळ उभा राहिलो.

२८ मार्च, शुक्रवार

व्याह्यांचा फोन. निवृत्त ड्रिल मास्तर. अख्ख्या नातेवाईकांत स्पष्ट बोलणारा एकच माणूस भेटला, तो मुलीच्या पुण्याईने. मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलतात. सोळा मिनिटं बोललो, एक शब्द निसटला नाही. आहे का कानांत दोष? हिला मुद्दाम सांगितलं.

व्याही म्हणाले, त्या दिवशी तुम्ही मोकळेच आहात, तर पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसा, गप्पा मारू. मी हसलो. बिचाऱ्यांना डीजेच्या कामाची कल्पना नाही. डीजे बसतो कुठे! मी म्हटलं, तिथे बघू. ते म्हणाले, लेकीसोबत नाचायचंय म्हणे तुम्हाला, प्रॅक्टिस करताय ना? मी म्हटलं, रोज चार तास. ते फार खूश झाले.

हात गार पडतायत. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. लेकीचं लग्न आहे म्हणून.

३० मार्च, रविवार, सकाळी ६.४०

उठलो. तीन पेट्या भरल्या: कन्सोल, केबली, जादा केबली. ही आरशासमोर होती. आरशातूनच तिने पेट्या पाहिल्या, वळली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी विचारत होती. मला उशीर होत होता. मी तिच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं पाठ आहे.

३० मार्च, संध्या. ५.३०

झालं! आयुष्यातला सर्वोत्तम सेट. सगळं क्रमाने लिहितो.

हॉलवर पोचलो तर साउंडवालीने आधीच टेबल मांडलेलं. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःची मशीन. मी म्हटलं, मॅडम, बॅकअप ठेवलात ते बरं केलंत, आता सरका. ती बोलायला लागली. बोटाने स्वतःकडे, मग आतल्या खोलीकडे, जिथे लेक तयार होत होती. मी पेट्या उघडल्या. हिने माझा दंड घट्ट धरला. मी सोडवून घेतला. पाहुणे येत होते, तमाशा नको.

मग नवरीच्या पोशाखात लेक बाहेर आली. मी, माझा कन्सोल, अर्धी जोडलेली केबल. ती खूप वेळ बघत राहिली. मी म्हटलं, झालंच बेटा, पाच मिनिटं. साउंडवालीने तिला काही विचारलं. लेकीने मान हलवली. हो अशी. परवानगी!

पहिलं गाणं म्हाताऱ्यांचं. काय सांगू! माझे काका, ऐंशीचे, काठी खुर्चीला टेकवून उठले. टेबलांखाली सगळीकडे बुटांची टोकं हलत होती. निवडीत मी कधी चुकत नाही.

दुसऱ्या गाण्यावर सरकलो. इथे लोक थोडे थांबले. एकमेकांकडे बघायला लागले. जावयाच्या दवाखान्यातली एक मुलगी अर्ध्या स्टेपमध्ये उभीच. काका बसले. मी स्क्रीनवर पाहिलं, रेघा बरोबर. मग आवाज वाढवला. काही जणांनी ती कानांवर हात घ्यायची स्टेप केली. मी हेडफोन फुल केला आणि तिसरं गाणं आत घेतलं.

याच वेळी साउंडवाली माझ्या टेबलामागे वाकली. काहीतरी करत होती. धूळ पुसत असावी.

आणि त्यानंतर जादू. दोन मिनिटांत फ्लोअर भरलं. सपाट चपलेतली मावशी उठली, मागोमाग चार नाही, नऊजणी. माझं संथ गाणं चालू असताना लोक फास्ट नाचत होते, फास्ट चालू असताना हळू. पण नाचत होते! ठेका सापडला की माणूस स्वतःच्या मर्जीने नाचतो, ही या कलेतली वरची पायरी आहे. कन्सोलवर हिरवे दिवे शेवटपर्यंत नाचत होते. सलग दीड तास. मी हेडफोन काढलाच नाही.

लेक माझ्या टेबलापाशी आली, हात पुढे केला. मी अंगठा दाखवला. तिला गाणं आवडलं. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा हात पुढे. मी दोन्ही अंगठे दाखवले. मग ती आली नाही. व्याह्यांबरोबर नाचली. छान केलं, सासऱ्यांचा मान राखला.

परतताना गाडीत ही खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असणार.

३१ मार्च, सोमवार

आज कौतुकाचे फोन येतील म्हणून फोन समोर ठेवून बसलो. आला नाही. लोक काल दमले.

साउंडवालीला मोठ्या मनाने मेसेज केला: काल काही शिकायला मिळालं असेल तर सांगा, मार्गदर्शन करायला तयार आहे. तिचं उत्तर आलं: सर, यादी फार सुंदर होती. बाकी ताईंशी बोला.

यादी सुंदर होतीच. ताई म्हणजे लेक असणार. लेकीशी काय बोलायचं?

६ एप्रिल, रविवार

लग्नाचा व्हिडिओ आला. लेक-जावई जेवायला होते. जेवण झाल्यावर सगळे टीव्हीसमोर.

लेक म्हणाली, पुढचं नंतर बघू. मला कळलं, कारण तिने रिमोट घेतला. मी तिच्या हातातून काढून घेतला. माझा सेट मला बघायचा होता.

बघितला.

घड्याळ हॉलच्या भिंतीवर आहे, फ्रेममध्ये दिसतं. एक वाजायला आठ मिनिटं. साउंडवाली माझ्या टेबलामागे वाकते. उठते तेव्हा तिच्या हातात जाड काळी केबल. माझी. कन्सोलमधून स्पीकरकडे जाणारी. ती केबल गुंडाळून जमिनीवर ठेवते. शेजारी लेक उभी आहे. तिने साउंडवालीच्या खांद्यावर हात ठेवला आहे.

त्यानंतर दीड तास मी हात हवेत उडवतो, बटणं फिरवतो, मान हलवतो, गर्दीला बोटाने इशारे करतो. समोरची गर्दी माझ्याकडे बघत नाही. केबल तिथेच पडली आहे, मावश्या ती ओलांडून नाचतात.

मी रिमोट ठेवला नाही. कोणी मागितलाही नाही.

लेक माझ्या टेबलापाशी येते. कॅमेरा जवळ आहे, चेहरा पूर्ण दिसतो. ओठ स्पष्ट आहेत. "बाबा, चल ना."

मी अंगठा दाखवतो.

हे मागे घेऊन चार वेळा पाहिलं. चारही वेळा अंगठा.

दुसऱ्यांदा ती येते तेव्हा काही बोलत नाही. नुसता हात पुढे. व्याही खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिलेले दिसतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिचा हात हातात घेतला. ड्रिल मास्तर, पावलं मोजून टाकत होते. लेक हसत होती. मी त्या वेळी मान खाली घालून रेघा जुळवत होतो.

लेक-जावई गेल्यावर हिला विचारलं, गॅलरीत त्या दिवशी पोर काय म्हणाली होती? हे विचारायला मला चोवीस दिवस लागले.

ही खुर्ची ओढून समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. माझी हनुवटी धरून चेहरा वर केला आणि हळूहळू, एकेक शब्द पूर्ण ओठांनी बोलली. त्या दिवशी तू फक्त बाबा म्हणून ये, डीजे म्हणून नको. गाणी त्या साउंडवाल्या बाई लावतील, तुझ्या यादीतलीच लावतील, मी बोलले आहे. पण एका गाण्यावर आपण दोघं नाचायचं. चालेल ना बाबा, राग नाही ना येणार?

आणि मी म्हटलं होतं, हो, हो, अगदी. शंभर टक्के.

मी हिला विचारलं, ती एवढी रडत का होती? ही म्हणाली, कारण तुम्ही हो म्हणालात. ती आठवडाभर हिंमत गोळा करत होती.

लोक नाचले ती गाणी माझीच होती तर. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं.

नेहमीप्रमाणे कारण लिहायला पेन उचललं. केबल, हॉल, स्पीकर, बाई. एकावरही दोष टाकता येईना.

७ एप्रिल, सोमवार

लेकीला मेसेज केला. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. शेवटी एवढाच गेला: कान दाखवायचे आहेत. येशील का बरोबर?

अर्ध्या मिनिटात उत्तर. गुरुवारी सुट्टी टाकते.

१० एप्रिल, गुरुवार

गेलो. लेकीने वाटेत काही विचारलं नाही. रिक्षात माझ्या उजव्या बाजूला बसली. नंतर लक्षात आलं की ती गेलं वर्षभर उजव्याच बाजूला बसते.

एक लहानशी खोली, सगळीकडून जाड गादी मारलेली, समोर काच. काचेपलीकडे तपासणीवाली बाई आणि लेक. बाईने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. चांगल्या कंपनीचा होता, मी तसं सांगितलंही. मग हातात एक बटण दिलं. म्हणाली, काका, आवाज आला की दाबायचं. बारीकसा आला तरी दाबायचं. दार लावून ती बाहेर गेली.

मी सरसावून बसलो. बटणं दाबण्यात माझी हयात गेली आहे. आणि लेक बघत होती.

पहिला आवाज आला, अगदी बारीक. दाबलं. मग दुसरा, थोडा उंच. दाबलं. मग तर ते ओळीनेच यायला लागले, छान लयीत, एक-दोन-तीन-चार. मी एकही सोडला नाही. चौदा आवाज, चौदाच्या चौदा. मनात म्हटलं, बघा. उगीच घाबरवलं सगळ्यांनी. व्हिडिओचं ठीक आहे, तिथे गर्दी होती. कान शाबूत आहेत.

मी काचेकडे बघून अंगठा दाखवणार होतो, तेवढ्यात दार उघडलं. बाई आत आली. खाली वाकून, माझ्या समोर चेहरा आणून, ठसठशीत ओठांनी बोलली.

काका, थांबा. मशीन अजून सुरू केलेलं नाही.

मी लेकीकडे पाहिलं. ती तोंडावर हात धरून उभी होती, खांदे हलत होते. हसत होती की रडत, ते काचेतून कळत नव्हतं.

मी बटणावरचं बोट काढलं. पाठ टेकली. बाईंना म्हटलं, करा सुरू.